नापास काडी

चांगल्या काडीला मी वाईट म्हटले. एकदा नव्हे, सहा गावांत, जवळजवळ तीन महिने, दर आठवड्याला. ज्या बायकांनी ती काडी चिरली होती त्यांच्यासमोर म्हटले, आणि त्यांनी ते खरे मानले, कारण काडीच्या बाबतीत मी चुकल्याचे त्यांनी तोवर पाहिले नव्हते. ही गोष्ट मी बरीच वर्षे कोणाला सांगितली नाही. पत्नीलाही एवढेच ठाऊक होते की त्या काळात माझे जेवण कमी झाले होते आणि डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या होत्या.

या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे अगरबत्तीच्या धंद्यातले किस्से मागितले. किस्से आहेत, आणि त्यातले एक-दोन पुढे येतीलही. पण या एका गोष्टीला वळसा घालून बाकीचे लिहावे म्हटले तर ते जमले नाही. तीनदा प्रयत्न केला, तीनदा कागद बाजूला ठेवले.

अगरबत्ती घेणारा माणूस वास पाहतो, पुडा पाहतो. आतली काडी कोणी पाहत नाही. ती बांबूची असते, आणि आमच्या काळी ती हाताने चिरलेली असे. नागपूरच्या एका व्यापाऱ्याकडे मी काडीचा पारखी होतो. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांच्या सीमेवरील सहा गावांत आमची खरेदी चाले. बायका घरी बांबू चिरत, वाळवत, आणि ठरलेल्या वारी केंद्रावर आणत. केंद्र म्हणजे कोणाची तरी पडवी, एक ताजवा आणि एक सागाची फळी. तिथून माल नागपूरला, नागपूरहून दक्षिणेतल्या कारखान्यांत जाई. तिथल्या बायका त्यावर हाताने मसाला वळत. मग ती अगरबत्ती देशभर जाई आणि परदेशातही जाई. आमच्या गावातल्या बाईने चिरलेली काडी कुठल्या मुलखात जळते, याचा आम्हा कोणालाच पत्ता नसे.

पारख अशी करायची. काड्यांची एक मूठ घ्यायची आणि फळीवर उभी आपटायची. वाळलेली काडी खणखणीत वाजते, ओली दबकी वाजते. मग मुठीचा माथा पाहायचा, तो सपाट हवा. मग अंगठ्याने मूठ फिरवून कुसळ लागते का ते पाहायचे, कारण कुसळ असले की मसाला वळणाऱ्या बाईची बोटे रक्ताळतात. हे सगळे होईस्तोवर पडवीत कोणी बोलत नसे. मग मी ‘पास’ म्हणे किंवा ‘नापास’ म्हणे. शाळेतला हा शब्द आमच्या केंद्रावर कोणी आणला ते मला माहीत नाही. तो मी येण्याआधीपासून तिथे होता.

नापास मुठीचा एक नियम होता, आणि तो व्यापाऱ्याचा नव्हता, बायकांचा होता. पूर्वी कधीतरी कोणीतरी नापास काडी पुढच्या आठवड्याच्या मालात मिसळली, आणि त्यापायी साऱ्या गावाचा माल दक्षिणेतून परत आला. तेव्हापासून बायकांनी आपसांत ठरवले की नापास मूठ ज्या बाईची, तिनेच ती घरी नेऊन स्वतःच्या चुलीत जाळायची. कोणी पाहायला जात नसे. इतक्या वर्षांत जुनी नापास काडी नव्या मुठीत मला एकदाही सापडली नाही.

मोठ्या तलावाच्या एका गावात पार्बताबाई होत्या. घर ढिवरांचे, नवरा तलावात जाळे टाके, शिंगाडा लावी. बांबूचे काम त्यांच्या घरचे नव्हे. शेजारच्या बुरडीणबाईकडे बसून त्या ते शिकल्या, आणि दोन वर्षांत शिकवणारीच्या पुढे गेल्या. एकदा दक्षिणेतल्या कारखान्याचा एक माणूस माल पाहायला आला. जाडी मोजायचे बारीक यंत्र त्याने सोबत आणले होते. तो एकेक काडी त्यात धरी, डोळे बारीक करी आणि वहीत लिही. पार्बताबाई बराच वेळ पाहत राहिल्या.

“भाऊ, हे साहेब काय पाहून राह्यले?”

“जाडी मोजून राह्यले, बाई.”

“एकेक? मंग याईले पोळ्यापर्यंत इथीच ठेवा जी. जेवाले घालू आमी.”

पडवीभर हशा झाला. मग त्यांनी ढिगात हात घातला, बोटे नुसती फिरवली आणि पाच काड्या बाहेर काढल्या. “ह्या जाड हायेत. मोजाले सांगा.” चार काड्या जाड निघाल्या. पाचवी यंत्रात बसली. पार्बताबाई त्या माणसाकडे न पाहता मला म्हणाल्या, “यंत्र तपासून आना म्हना एकदा.” त्याने खरोखरच यंत्र पुसले, काडी पुन्हा धरली, आणि पाचवीही जाड निघाली.

त्याच माणसाने पुढे पत्र पाठवून तक्रार केली होती की तुमच्या काडीला बांबूचा वास येतो. मी ते पत्र पडवीत वाचून दाखवले. कौसल्याबाई म्हणून पार्बताबाईंच्या शेजारीण होत्या, तोंडाच्या तिखट. त्या म्हणाल्या, “मंग का मोगऱ्याचा येन? सांगा त्याले, बांबू हाय बाप्पा.”

या दिवसांचा मला अभिमान आहे. त्या मला भाऊ म्हणत, आणि माझ्या अंगठ्यावर त्यांचा विश्वास होता. तो विश्वास होता म्हणूनच पुढचे घडू शकले, हे मला फार उशिरा उमगले.

एका उन्हाळ्यात शेठनी, म्हणजे आमच्या व्यापाऱ्याने, मला नागपूरच्या गोदामात बोलावले. समोर एक पोते होते, त्यावर अनोळखी अक्षरे. त्यांनी तोंड उसवून एक मूठ माझ्या हातात दिली. काडी गोल होती. आमची काडी सुरीने चिरलेली, म्हणून चौकोनी. हिला कुठे धारच नव्हती. सवयीने मी मूठ तिथल्या टेबलावर आपटली. खणखणीत वाजली. माथा असा सपाट की वर पाण्याचा थेंब ठेवला तर तो तिथेच राहील.

“काय मनता? पास का नापास?” शेठनी विचारले.

“पास,” मी म्हणालो.

“व्हिएतनामची आहे. जहाजानं आली.”

मग त्यांनी सांगितले ते मी येथे थोडक्यात मांडतो. दक्षिणेतल्या कारखान्यांनी हाताने वळणे सोडून मसाला चढवायची यंत्रे घ्यायला सुरुवात केली होती. यंत्राला गोल काडी लागते, चौकोनी काडी त्यात अडकते. त्याच सुमारास दिल्लीत बाहेरच्या काडीवरचा कर उतरला. समुद्र ओलांडून आलेली काडी कारखान्याच्या दारात आमच्या काडीपेक्षा स्वस्त पडू लागली. आमचा ट्रक नुसता वर्धा नदी ओलांडेपर्यंत जो खर्च येई, तोही त्या भावात बसत नव्हता. यात कोणी लबाडी केली असे मला आजही म्हणता येत नाही. कारखान्याचा फायदा झाला, गिऱ्हाइकाला अगरबत्ती स्वस्त मिळाली, आणि तिकडे व्हिएतनामच्या कुठल्या गावात काही बायकांना काम मिळाले असेल. त्यांच्यावर माझा राग नाही. साऱ्या देशाचा हिशेब मांडणाऱ्याला कदाचित यात नफाच दिसेल. तोटा मात्र तलावाकाठच्या एका ओळीतल्या घरांवर येऊन पडला, आणि त्या घरांना हे कोणी कळवले नाही. कळवण्याचे काम ज्याचे होते तो माणूस मी होतो.

“बंद झालं असं सांगू नका,” शेठ म्हणाले. “बंद मनलं का बाया दुसऱ्या कामाले लागतात. उद्या ऑर्डर आली तर आपण कुठं हात जोडायचे? माल खराब येते मना. हळूहळू कमी करा. आपोआप सुटतील.”

मी “बरं” म्हणालो. शेठना दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे, पण ते स्वतः घाबरलेले होते, आणि त्यांनी माझ्यावर काही दडपण आणले नव्हते. मी मान हलवली ती सहज हलली. कारण मनातून मला ती युक्ती सोयीची वाटली. व्हिएतनामची काडी आली, आता मला काही करता येत नाही, असे पडवीत म्हणावे लागले असते तर इतकी वर्षे फळीमागे बसलेला भाऊ एका क्षणात साधा नोकर ठरला असता. ‘नापास’ म्हणताना मात्र मी पारखीच राहत होतो. बायकांना कमीपणा येईल, मला येणार नाही, असा हा सौदा होता, आणि मी तो समजून-उमजून केला.

आधी मी कच्च्या हाताच्या बायकांचा माल परतवला. तिसऱ्या आठवड्यात पार्बताबाईंची मूठ हातात आली. फळीवर आपटली. नेहमीसारखीच खणखणीत वाजली. तो आवाज पडवीत साऱ्यांनी ऐकला होता, तरी मी अंगठा फिरवल्यासारखे केले आणि म्हणालो, “नापास.”

“काऊन जी?”

“कुसळ आहे.”

त्यांनी मूठ हातात घेतली आणि गालावरून फिरवली. बायका कुसळ गालाने पाहत; गालाला अंगठ्यापेक्षा लवकर कळते. “मले तं नाई लागून राह्यलं.”

“तुह्या गालालेच घट्टे पडले असन, बुढे,” कौसल्याबाई म्हणाल्या. सगळ्या हसल्या. मीही हसलो. त्या हसण्याची मला त्या तीन महिन्यांतल्या इतर कोणत्याही गोष्टीपेक्षा जास्त लाज वाटते.

“भाऊ मन्तात तं असन,” असे म्हणून पार्बताबाईंनी मूठ टोपलीत ठेवली आणि घरी नेली. जाळली.

पुढच्या आठवड्यात त्या नव्या सुरीने चिरलेली काडी घेऊन आल्या. नापास. त्याच्या पुढच्या आठवड्यात त्यांच्या डोळ्यांवर चष्मा होता; तालुक्याच्या दवाखान्यात जाऊन त्यांनी डोळे तपासून घेतले होते. नापास. मग त्यांनी बांबू बदलला. मग उजव्या हाताच्या अंगठ्याला तेल लावून शेकायला सुरुवात केली, कारण दोष तिथे असावा असे त्यांना वाटले. एके दिवशी त्यांनी माझ्यापुढे बांबूची एक कांबट आणि सुरी ठेवली.

“भाऊ, माह्यापुढं एक काडी चिरून दाखवा. मी कुठी चुकून राह्यली ते तरी पाहू द्या.”

मला काडी चिरता येत नव्हती. आजही येत नाही. इतकी वर्षे मी तिची पारख केली, पण एकदाही चिरली नव्हती. “पुढच्या खेपेला,” असे म्हणून मी ताजवा आवरला. पुढच्या खेपेला त्या आल्या नाहीत. शेठ म्हणाले होते तसेच झाले. महिन्याभरात इतर बायकाही सुटल्या. शेवटच्या वारी मी आणि फळी दोघेच पडवीत होतो.

नंतर मी वरोऱ्याला एका जिनिंगमध्ये कापसाची प्रतवारी करू लागलो. तिथेही भाव दूरच्या बाजारात ठरे. तो पडला की मी गाडी घेऊन आलेल्या माणसाला सांगे, “कापूस तुमचा चांगला आहे, भाव बाहेरच्या बाजारात पडला आहे.” लोक शिव्या देत, बाजाराला देत, सरकारला देत, कधी मलाही देत, आणि पुढच्या गाडीचा कापूस तसाच निवडून आणत. हे एक वाक्य उच्चारायला मला काहीही मोजावे लागत नव्हते. पहिल्यांदा ते माझ्या तोंडून निघाले त्या दिवशी मी वजनकाट्यामागे जाऊन थोडा वेळ उभा राहिलो.

काही वर्षे गेली. दिल्लीत वारे फिरले. बाहेरच्या काडीवर बंधने आली, करही वाढला. ज्या कारखान्यांनी आमची काडी सोडली होती त्यांनाच आता देशी काडी हवी झाली, आणि तीही ताबडतोब. जणू आमच्या गावांतले हात नळासारखे बंद करून ठेवले होते आणि तोटी फिरवली की पुन्हा वाहू लागणार होते. नागपूरच्या एका नव्या कंपनीने तलावाच्या त्याच गावात गोल काडीची यंत्रे लावायचे ठरवले. यंत्र चालवायला शिकता येते. पण कोणता बांबू घ्यावा, कुठून फोडावा, किती वाळवावा, हे जाणणाऱ्या बायका हव्या होत्या. माझी जुनी ओळख म्हणून त्यांनी मला गाठले. वीस बायका जमल्या नाहीत तर यंत्रे दुसऱ्या तालुक्यात जातील, असे त्यांनी स्पष्ट सांगितले.

केंद्र त्या गावात झाले नाही. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचे वाचताना कोणी त्याची आशा धरू नये.

मी गावात गेलो तेव्हा निम्म्या ओळखीच्या बायका गावात नव्हत्या. मिरची तोडायचा हंगाम जवळ आला होता आणि टोळ्या सिरोंच्याकडून तेलंगणात उतरू लागल्या होत्या. काही सुना वाघ पाहायला येणाऱ्यांसाठी उभ्या राहिलेल्या मोहर्लीच्या हॉटेलांत चादरी धूत होत्या. ज्या होत्या, त्या तरुण मुली माझे ऐकून घेत आणि म्हणत, “आमच्या हाताले काडी जमत नाई जी.” एकीने म्हटले, दुसरीने म्हटले, तिसरीनेही तेच म्हटले. यातल्या एकीनेही कधी सुरी धरलेली नव्हती. हे तुम्हाला कोणी सांगितले, असे विचारले तर एकच उत्तर आले: “पार्बता आजी मन्ते.”

पार्बताबाईंच्या अंगणात शिंगाड्यांचा ढीग होता. उकडलेले शिंगाडे सोलत सहा-सात बायका बसल्या होत्या. कौसल्याबाईही होत्या, त्यांची टोळी अजून निघाली नव्हती. पार्बताबाई वाकल्या होत्या, चष्मा तोच होता.

“या जी भाऊ. शिंगाडे खा,” त्या म्हणाल्या. मी बसलो आणि कामाचे सांगितले.

“पोरींले शिकवा. मले नका सांगू. माही काडी तुमी पाह्यली हाय.” शिंगाड्याचे टरफल त्यांनी एका झटक्यात काढले, अंगठा अजून तसाच चाले. “किती आठवडे जारली मी. पण चूल मातर बरी पेटे. सुकी व्हती ना.”

त्यांनी पुढचा शिंगाडा उचलला.

“सुनेलेबी मनलं, आपल्या हातात नाई ते काम, सोड. तिनं सुरीबी देऊन टाकली. आता थे मोहर्लीले राह्यते.”

मी जरा पुढे सरकलो आणि हळूच म्हणालो, “पार्बताबाई, तुमची काडी चांगली होती.”

त्यांनी चष्म्यावरून पाहिले. “आता कायले गोड बोलता? बाया पाह्यजेत मनून?”

हा प्रश्न मी अपेक्षिला नव्हता, आणि तो रास्त होता. एकदा धंद्याच्या सोयीसाठी मी खोटे बोललो होतो. आता धंद्याच्याच सोयीसाठी खरे बोलत होतो, असे त्यांना वाटले तर त्यांचे काय चुकले? मी म्हणालो, “केंद्रावर येऊ नका. कोणीच येऊ नका. मी कंपनीले सांगतो, इथी नाई जमत. पण हे आयका.” आणि मग मी त्यांना गोदामातले पोते, जहाज, यंत्रे, कर, शेठचे बोलणे आणि माझे ‘बरं’ हे सगळे सांगितले.

“व्हिएतनाम कुठी हाय?”

“समुद्राच्या पल्याड.”

“तिथल्या बाया चिरतात?”

“मशीन चिरते. बाया निवडतात.”

“मंग असं सांगाचं ना जी. आमी का भांडलो असतो?” मग थोडे थांबून, “भांडलो असतो तं भांडलो असतो.”

“हो,” मी म्हणालो. “चुकलं माझं.”

“हे तुमी माह्या कानात सांगून राह्यले,” त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. “नापास केलं तवा तं पडवीत सारेइच्या समोर मनलं व्हतं.”

“आमाले तं काईच आयकू नाई आलं,” कौसल्याबाई पलीकडून म्हणाल्या. त्यांना ऐकू आले होते. “काय मनलं, भाऊ? उभे राहून सांगा.”

सोलणारे हात थांबले. कुंपणापलीकडच्या अंगणातल्या दोघी-तिघी जवळ येऊन उभ्या राहिल्या. मला मोठ्याने बोलायची सवय नाही. मी उठून उभा राहिलो.

“पार्बताबाई, कौसल्याबाई, तुम्ही साऱ्या जणी,” मी म्हणालो, “तुमच्या कोणाच्याच काडीत खोट नव्हती. बाहेरून स्वस्त काडी आली, आमची खरेदी बंद पडली. ते तुम्हांले सांगाची माझी हिंमत झाली नाई, म्हणून मी तुमच्या हाताले नाव ठेवलं. तुम्ही जाळली ती एकेक मूठ चांगली होती, आणि मले ते तेव्हाच माहीत होतं. मी खोटं बोललो. मले माफ करा.”